बावीस यार्डांचं खळं

बुधवारी सकाळी परमेश्वर दात घासत घासत मैदानावर गेला आणि तोंडातली पेस्ट गिळून बसला. पिच पिवळं झालं होतं. या टोकाच्या स्टंपापासून त्या टोकाच्या स्टंपापर्यंत, बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद, अगदी चुन्याच्या रेषेला धरून शिजवलेली हळद पसरलेली होती. रेषेबाहेर एक हळकुंड नव्हतं. ज्याने कुणी हे केलं त्याने मोठ्या टापटिपीने केलं होतं, एवढं परमेश्वरलाही मान्य करावं लागलं.

ज्यांनी केलं होतं त्या सिंधूबाई तिथेच, बरोबर गुड लेंथवर, अनवाणी उभ्या राहून पायाने हळद सारखी करत होत्या.

"वहिनी, हे काय?"

"हळद."

"हळद हाय हे दिसून राहिलं मला. पर हितं काहून?"

"मंग कुठं घालू? तुमच्या भाऊच्या खाटंवर?" सिंधूबाईंनी पाय न थांबवता विचारलं. "काल हळद शिजवायचा कुकर लागला आमचा. धा क्विंटल माल निघाला. आन् हितं तुमी एवढं झकास खळं करून मोकळं सोडलेलं. मी म्हनलं, परमेश्वर भावजीनं गावाची सोय केली, पर सांगायला लाजून राहिले."

"वहिनी, हे खळं न्हाई. पिच हाय. क्रिकेटचं."

सिंधूबाई थांबल्या. "तळ्यातली माती आनली. बराबर?"

"व्हय."

"पानी मारलं, धुम्मसानं ठोकलं, वरून पिंप फिरवला."

"व्हय."

"कोनाला चपला घालून येऊ देत न्हाई, शेरडं हाकलून राहिले."

"व्हय, पर..."

"मंग ह्याला खळं न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं?"

परमेश्वरने आयुष्यभर क्रिकेटची जेवढी पुस्तकं वाचली होती, त्यातल्या एकातही या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं.

परमेश्वर हा बोरखडीच्या हायस्कुलात कनिष्ठ लिपिक. बोरखडी म्हणजे शिरड शहापूरच्या फाट्यावरून आत वळलं की चार किलोमीटर. शाळा भरलेली असताना तो दाखले लिही आणि शाळा सुटली की नागनाथ क्रिकेट क्लबचा अध्यक्ष, सचिव, प्रशिक्षक, पंच आणि पाणी भरणारा गडी अशी पाच पदं एकट्याने सांभाळी. क्लबात बत्तीस पोरं-पोरी होत्या, तीन बॅटी होत्या आणि एक पॅड होतं. ते पॅड कुणाच्या कोणत्या पायाला बांधायचं यावर दर रविवारी चर्चा होई. पिच मात्र त्याने स्वतःच्या हातांनी केलं होतं. काळ्या रानात ते दोनदा भेगाळलं, दोनदा त्याने उकरलं. मदतीला या म्हणून तो दोन वर्षं घरोघर हिंडला. लोकांनी चहा पाजला, मान डोलावली, आणि श्रमदानाच्या दिवशी मैदानावर फक्त शेरडं हजर राहिली. शेवटी डांबराच्या जुन्या पिंपात सिमेंट भरून त्याने त्याचा रोलर केला आणि महिनाभर एकट्याने ओढला.

ही सगळी धडपड येत्या रविवारसाठी होती. खेड्यापाड्यांतल्या क्लबांची नोंदणी करायला जिल्ह्याच्या संघटनेने सुरुवात केली होती आणि रविवारी तपासणीला हिंगोलीहून माणूस येणार होता. नोंदणी झाली तर क्लबच्या पोरांना जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या निवडीला उभं राहता येणार होतं. नाही झाली तर नाही. आणि राजनंदिनीला येत्या ऑगस्टात चौदा वर्षं पूर्ण होत होती. राजनंदिनी म्हणजे आठवीतली पोर, क्लबातली सगळ्यात जलद गोलंदाज. मोठमोठी पोरं तिच्यापुढे बॅट धरायला नको म्हणत. तिची ही शेवटचीच संधी होती. "यंदा तू हिंगोलीत बॉल टाकशील," असं परमेश्वर तिला सांगून बसला होता. तो स्वतः तिच्याएवढा असताना वसमतला निवडीला गेला होता. तिथल्या माणसाने "कोणत्या क्लबचा?" असं विचारलं आणि उत्तर नव्हतं म्हणून त्याला परत पाठवलं. ते त्याला अजून लागत असे. आठवण आली की आजही जेवणावरची वासना जाई.

राजनंदिनी सिंधूबाईंची मुलगी होती.

"वहिनी, हे समदं राजनंदिनीसाठीच चाललंय."

"मंग हळद काय शेजाऱ्याच्या पोरीसाठी हाय?" असं म्हणत सिंधूबाई गुड लेंथवरून यॉर्करच्या दिशेला सरकल्या.

परमेश्वर तडक मुंजाजीभाऊंकडे गेला. मुंजाजी म्हणजे सिंधूबाईंचे यजमान. मैदानाची जागा त्यांची होती आणि ती त्यांनी क्लबला आपखुशीने तोंडी दिलेली होती. ते गोठ्यात म्हशीपाशी बसले होते.

"भाऊ, जागा तुमची हाय. तुमी एक शब्द टाका."

मुंजाजींनी आधी घराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "परमेश्वर, सातबारावर माहंच नाव हाय. त्यात वाद न्हाई. पर हळद एकदा शिजली की मंग सातबारा बी तिचा, म्हस बी तिची, आन् मी बी तिचाच."

"मंग ढीग करून एका अंगाला ठिवू?"

"येडा का काय? वला माल ढिगात तापतो, काळा पडतो. धा-बारा दिस पसरूनच ठिवावा लागतो. रविवार कवा हाय?"

"चार दिसांनी."

"तुहं अवघड हाय," मुंजाजी म्हणाले आणि मनापासून हळहळून म्हशीकडे वळले.

मग परमेश्वरला शाळेचं अंगण आठवलं. मुख्याध्यापिका नीलांबरी मॅडम क्लबच्या बाजूच्या होत्या. पोरींना खेळायला सोडा म्हणून त्यांनी स्वतः आईबापांच्या बैठका घेतल्या होत्या. पण शाळेत दहावीचं परीक्षा केंद्र होतं.

"परमेश्वर, शहाणा आहेस ना तू?" मॅडम म्हणाल्या. "भरारी पथक आलं आणि वर्गांसमोर दहा क्विंटल हळद दिसली, तर काय सांगू मी? पेपर झाला की पोरांची लग्नं लावून देतो म्हणून?"

शेवटी एकच मार्ग उरला. परमेश्वरने गावातून सात ताडपत्र्या गोळा केल्या, त्या मैदानात लाँग ऑफच्या अंगाला अंथरल्या आणि बत्तीस पोरं-पोरी घमेली घेऊन कामाला लावली. सिंधूबाईंनी परवानगी दिली, पण दिवसातून तीनदा माल हलवायची जबाबदारी क्लबवर टाकली. शाळेची घंटा व्हायच्या आत पिच मोकळं झालं. परमेश्वरने त्यावरून मायेने हात फिरवला. हात पिवळा झाला, हळदीच्या भुकटीखालची माती काही दिसली नाही, पण जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्याने कार्यालयात सहा दाखले एका बैठकीत लिहिले आणि एकातही चूक केली नाही.

सायंकाळी पाचला तो मैदानावर आला तर पिच पुन्हा पिवळं होतं. आता तिथे हरिचंद उभा होता आणि त्याची बायको रुख्मिणीबाई सुपाने हळद पसरत होती.

"हरिचंदभाऊ! सकाळीच मोकळं केलं व्हतं मी!"

"म्हनून तर आलो," हरिचंद खूश होऊन म्हणाला. "सिंधूबाईचा नंबर झाला न्हाई का? मी म्हनलं, खळं रिकामं पडलं, दुसरं कोनी घुसायच्या आत आपन घालून घ्यावं."

इथे परमेश्वरची खरी पंचाईत झाली. त्या भागात कोणी कोणाला खळं नाकारत नाही. ज्याने खळं केलं त्याचा माल आधी, मग मागेल त्याचा. भावाभावांची कोर्टात भांडणं चालू असतात, बोलणं बंद असतं, पण खळं मागितलं तर मान हलवून का होईना, हो म्हणावं लागतं. आणि एकीला पिच दिलं, दुसऱ्याला नाही, असं झालं असतं तर हरिचंदची दोन्ही पोरं दुसऱ्या दिवसापासून क्लबात आली नसती. त्यातला थोरला क्लबचा एकुलता एक यष्टिरक्षक होता.

"घाला," परमेश्वर म्हणाला.

गुरुवारी सकाळी सिंधूबाईंच्या ताडपत्र्यांना लागून भागवत नावाच्या शेतकऱ्याची ताडपत्री आली. दुपारी लाँग ऑनचा कोपरा हळदीखाली गेला. संध्याकाळी कव्हर्सपासून पॉइंटपर्यंतचा सगळा पट्टा नर्मदाबाई नावाच्या म्हातारीने अडवला आणि ती स्वतः थर्ड मॅनला बाज टाकून राखणीला बसली. शुक्रवारी परमेश्वरला शाळेत बसवेना. अर्जित रजा टाकून तो देवळात संतरामकडे गेला, कारण गावचा लाउडस्पीकर संतरामच्या ताब्यात असे.

"संतराम, एवढं जाहीर कर. रविवारी सकाळी ग्राऊंड मोकळं पायजे."

संतराम गेली वीस वर्षं माइकवर बोलत आलेला माणूस. कोरडी सूचना देणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याने दोनदा माइक फुंकला आणि खड्या आवाजात सांगितलं, "गावकऱ्यांना कळवन्यात येते की रविवारी सकाळी धा वाजता हिंगोलीहून मोठे साहेब येऊन राहिले आहेत. साहेब सोता ग्राऊंड बघनार आहेत. तरी समद्यांनी ग्राऊंडावर हजर राहून गावाची शोभा वाढवावी! समाप्त!"

"आरं, मोकळं करा म्हनायचं राहिलं!" परमेश्वर ओरडला.

"ते आता कसं म्हनू? समाप्त म्हनलं की मी," संतराम म्हणाला आणि त्याने बटण बंद केलं.

हळदीच्या हंगामात हिंगोलीहून साहेब येतो आणि मैदान बघतो, याचा बोरखडीत एकच अर्थ होत होता. साहेब व्यापारी असणार आणि माल जागेवर बघून भाव काढणार. शुक्रवारपर्यंत ज्यांनी मैदानाकडे पाहिलंही नव्हतं, त्यांनी शनिवारी बैलगाड्या जुंपल्या. ज्यांची हळद घराच्या गच्चीवर सुखाने वाळत होती, त्यांनी ती गच्चीवरून खाली उतरवली. परमेश्वर प्रत्येक गाडीला आडवा गेला आणि प्रत्येकाला सांगत सुटला की साहेब क्रिकेटचे आहेत. लोक डोळे मिचकावून म्हणाले, "व्हय व्हय, क्रिकेटचेच." हा माणूस आधी स्वतःचा माल दाखवणार, असंच त्यांना वाटलं. बिचाऱ्याकडे हळदीचा एक वाफासुद्धा नव्हता.

रविवारी दहाच्या ठोक्याला अनिरुद्ध सर मोटारसायकलवरून उतरले. संघटनेचे निरीक्षक, पांढरी पँट, पांढरे बूट, बगलेत फाइल आणि खिशात नवा कोरा लाल चेंडू. समोर दोन एकर हळद पाहून त्यांना वाटलं आपण रस्ता चुकलो. ते परत गाडीला किक मारणार तोच पन्नास-साठ माणसांनी त्यांना घेरलं आणि प्रत्येकाने एकेक हळकुंड मोडून त्यांच्या नाकापुढे धरलं.

"बघा साहेब, आतून कसं केशरी हाय!"

"साहेब, आमचं आधी. ह्यांचं अजून वलं हाय."

"मी क्रिकेटचा आहे हो!" अनिरुद्ध सर कळवळून म्हणाले. "मला हळदीतलं काही कळत नाही!"

हरिचंदने हातातलं हळकुंड निमूटपणे खिशात टाकलं. साहेब खरोखरच क्रिकेटचा निघाला होता आणि परमेश्वर पहिल्यापासून खरं बोलत होता. दोन्ही गोष्टी गावाला सारख्याच धक्कादायक होत्या.

परमेश्वर पुढे झाला. त्याने काय घडलं ते सांगायला सुरुवात केली, पण ते सांगता सांगता त्याला स्वतःलाच पटेना. अनिरुद्ध सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी फाइल उघडली, मैदानाकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

"परमेश्वरराव, तुमची तळमळ कळते. पण मी मैदान नाहीच पाहू शकलो तर लिहू काय? पुढच्या वर्षी बघू."

राजनंदिनी गर्दीच्या पुढेच उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त हातातला जुना टेनिस बॉल ओढणीच्या टोकात बांधून टाकला. आपण त्या वसमतच्या माणसापेक्षा वेगळे ते काय, असं परमेश्वरच्या मनात आलं.

सिंधूबाईंनी पोरीकडे पाहिलं. मग पदर खोचला. "साहेब, तुमाला बघायचं काय हाय नेमकं?"

"पिच. चेंडू कसा उसळतो ते. मैदानाची मापं मी मागाहून घेईन."

"येळ किती लागंल?"

"अर्धा तास."

"एवढंच? मंग तोंड पाडून काहून बसलेत समदे?" सिंधूबाई गर्दीकडे वळल्या. "रुख्मिणे, सुपं आन. ए भागवत, घमेलं उचल. अर्धा तास ढिगात राहून माल मरत न्हाई!"

त्यानंतर जे झालं ते परमेश्वरने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तीस-पस्तीस बाया पिचच्या दोन्ही बाजूंना बसल्या, सुपं चालू लागली आणि दहा मिनिटांत बावीस यार्डांचं रान मोकळं झालं. एकीने वरून केरसुणी फिरवली. अनिरुद्ध सर पुढे पाऊल टाकणार तोच थर्ड मॅनवरून नर्मदाबाई गरजली, "साहेब, बूट!" साहेबांनी निमूट बूट काढले.

सर पिचवर वाकले आणि वाकलेलेच राहिले. परमेश्वरही वाकला. जानेवारीपासून ज्या भेगांनी त्याची झोप उडवली होती त्या कुठेच नव्हत्या. पिच तळहातासारखं सपाट होतं.

"भेगा कुठं गेल्या?" त्याने बावळटासारखं विचारलं.

"भेगंत हळकुंडं जातात नव्हं!" रुख्मिणीबाई म्हणाली. "माल घालायच्या आधी लिंपल्या आमी. तळ्याची माती, शेन आन् गव्हाचा भुसा. सिंधूबाईनं बी लिंपल्या व्हत्या. तुमी भुसाच घातला न्हाई, मंग माती धरनार कशाला?"

सरांनी चेंडू टाकून पाहिला. तो सरळ उसळला. चार ठिकाणी टाकला, चारही ठिकाणी सारखाच उसळला. सरांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतः बॅट मागून घेतली, एकुलतं एक पॅड डाव्या पायाला बांधलं आणि म्हणाले, "कोण टाकतं इथे जोरात?"

राजनंदिनी हळदीच्या दोन ढिगांमधून धावत आली. सरांनी पाय पुढे काढला, बॅट आणली, आणि मधला स्टंप उडून भागवतच्या मालात जाऊन पडला.

"सर, तुमी तयार नव्हते. परत टाकू का?" तिने अदबीने विचारलं.

"नको," सर म्हणाले. "दिसलं मला."

त्यांनी गाडीच्या सीटवर फाइल ठेवून फॉर्म भरायला घेतला. पिच, उत्तम. खेळाडू, बत्तीस. मग त्यांचं पेन एका रकान्यावर अडलं. "अरे, एक राहिलंच. नोंदणीसाठी सरावाची दुसरी पट्टी लागते. शेजारीच हवी. पंधरा दिवसांत करून फोटो पाठवाल? नाहीतर माझा इलाज नाही."

परमेश्वर बोटांवर दिवस मोजू लागला. पहिल्या पट्टीला दोन वर्षं गेली होती.

"पंधरा दिसांत?" मागून हरिचंदचा आवाज आला. "दुसरी काहून एकच? चार करू की! एका खळ्यावर अख्ख्या गावाची हळद कशी वाळंल?"

"तळ्याची माती मी आनतो," भागवत म्हणाला. "ट्रॅक्टर माहा."

"जागा देतो मी," असं मुंजाजी बोलून गेले आणि मग त्यांनी सिंधूबाईंकडे पाहिलं. सिंधूबाईंनी मान हलवली. "हां, देतो," मुंजाजी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाले.

सोमवारी सकाळी मैदानावर एकेचाळीस माणसं कुदळी-फावडी घेऊन आली. शेरडांना उभं राहायला जागा उरली नाही. क्रिकेटचं प्रेम म्हणून त्यातला एकही जण आलेला नव्हता हे परमेश्वरला पक्कं ठाऊक होतं, पण क्लबच्या वहीत त्याने 'क्रिकेटप्रेमी स्वयंसेवक, एकेचाळीस' अशी नोंद करून टाकली. बाराव्या दिवशी चार नव्या पट्ट्यांचे फोटो हिंगोलीला गेले, आणि नोंदणीच्या कागदावर खेळाडूंच्या यादीत पहिलं नाव राजनंदिनीचं लागलं. त्या दिवशी परमेश्वर तीन भाकरी जेवला.

मार्चअखेर संघटनेचं पत्र आलं. एका मैदानावर पाच पट्ट्या असलेला असा दुसरा क्लब नाही, सबब जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या मुलामुलींचं दहा दिवसांचं निवड शिबिर एप्रिलमध्ये बोरखडीलाच घ्यायचं ठरलं आहे, तरी मैदान उपलब्ध असल्याचं उलटटपाली कळवावं. राजनंदिनीला आता हिंगोलीला जायचं कारणच नव्हतं. हिंगोलीच तिच्या दारात येत होती. परमेश्वर पत्र घेऊन धावत सुटला आणि पिचपाशी येऊन थबकला. पाचही पट्ट्यांवर उशिराची हळद पसरलेली होती. एप्रिलच्या मध्यापर्यंतचे नंबर लागलेले होते.

हळद हलवत असलेल्या बायांना त्याने भीत भीत पत्र वाचून दाखवलं. सिंधूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती लेकरं येनार म्हनले?"

"साठ."

"धा दिस?"

"व्हय."

"धडधाकट हायेत का?"

"जिल्ह्यातली निवडक पोरं हायेत, वहिनी."

सिंधूबाईंनी पाचही पट्ट्यांवरून नजर फिरवली. दिवसातून तीनदा माल हलवून हलवून बायांच्या कमरा गेल्या होत्या आणि हंगामात मजूर मिळत नव्हते.

"येऊ द्या की मंग," त्या म्हणाल्या. "सकाळ, दुपार, संध्याकाळ घमेली उचलतील, मधल्या येळात खेळतील. काय तकलीफ न्हाई."

परमेश्वर कार्यालयात आला, शाळेचा चांगला कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: 'शिबिरासाठी मैदान उपलब्ध आहे. खेळाडूंच्या व्यायामाची दिवसातून तीन वेळा विशेष सोय करण्यात आली आहे.'